पुढचा पाय काढलाय, ३६ किलोचा कुत्रा फरशीवर पाऊलच टाकेना, काय करू?

खानापूर_शेतकरी
नमस्कार मंडळी. आमचा राजा जर्मन शेफर्ड, ५ वर्षांचा, वजन ३६ किलो. उसाच्या ट्रॉलीखाली डावा पुढचा पाय चिरडला, हाड जोडण्यासारखं काही राहिलंच नव्हतं म्हणून डॉक्टरांनी खांद्यापासूनच पाय काढला. आज ११ दिवस झाले. जखम सुकत आलीय, खातोय पितोय, अंगणात मातीवर उड्या टाकत आठ-दहा पावलं जातोय, पण घरात शहाबादी फरशी आहे, तिथं आला की उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसतोय नि नुसता आत बघत राहतोय. परवा एकदा आत आला तर उरलेला पाय सर्रकन सरकला नि तोंडावर आपटला, तेव्हापासून आत यायचं नावच नाही. रात्री मधेच दचकून उठतोय, कण्हतोय, नसलेल्या पायाकडं मान वळवतोय. आई म्हणते उचलून आत आण, पण उचललं की तो आणखीनच घाबरतोय. शेजारचे म्हणालेत एवढ्या मोठ्या जनावराला इंजेक्शन देऊन मोकळं करायचं होतं, ते ऐकलं की जेवण जात नाही. मोठ्या कुत्र्याला हे जमतंय का? कृत्रिम पाय वगैरे बसतो का?

निपाणीचा_मुधोळवाला
दादा, जमतंय. आमच्या मुधोळ जातीच्या कुत्र्याचा मागचा पाय काढून ३ वर्षं झाली, आज शेतात माझ्या पुढं पळतोय. पण खोटं सांगत नाही, पुढच्या पायाचं जरा अवघड असतंय, कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतंय, ते आता राजाच्या एकाच पंजावर आलंय, त्यामुळं तो पंजा सरकला की त्याच्याकडं सावरायला दुसरं काही नाही. त्याला घराची भीती नाही, फरशीची आहे. सतरंजी घालू नका, ती त्याच्यासकट सरकते. गोठ्यात म्हशीखाली घालतात ती रबरी मॅट आणा नि उंबऱ्यापासून त्याच्या जागेपर्यंत, तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग वाट करा, मधे फट ठेवू नका. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस पण कापा, शेफर्डला ते लई वाढतात. नि जेवणाचं भांडं छातीच्या उंचीला ठेवा, मान खाली घातली की सगळा भार पुढं जातोय नि तोल जातोय.

टिळकवाडी_अक्का
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते म्हणून लिहिते. रात्रीचं कण्हणं लाड म्हणून सोडू नका हं. कापलेल्या नसांमुळं नसलेला पाय दुखल्यासारखं होऊ शकतं, माणसांना होतं तसंच. तुमच्या डॉक्टरांना नीट सांगा, नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिनसारखी औषधं असतात, डोस तेच ठरवतील. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेततं. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो कोन टाके निघेपर्यंत काढू नका. जखमेखाली पाण्याच्या पिशवीसारखी मऊ सूज आली, लाली आली, वास आला तर त्याच दिवशी दाखवा. आईंना सांगा उचलायचं नाही, छातीखालून धरणारा, पाठीवर मूठ असलेला पट्टा मिळतो, तो घाला नि तोल गेला तरच आधार द्या, ओढू नका. फिरणं ५-५ मिनिटांचं दिवसातून तीन-चार वेळा, सध्या जिना नको, उड्या नकोत. कृत्रिम पायाचं म्हणाल तर खांद्यापासून काढलाय म्हणजे तो अडकवायला बुंधाच उरलेला नाही, त्यात पैसे घालू नका.

शहापूर_पेठ
एकच सांगतो भाऊ, वजन. आमच्या लॅब्रडॉरचा पाय गेला तेव्हा घरातल्या प्रत्येकाला त्याची दया आली, कोण चपाती-तूप घालतंय, कोण कुंदा चारतंय, वर्षात ७ किलो वाढला नि उरलेल्या पायांचे सांधे गेले. ते आमच्या हातून झालं, अजून सलतंय. राजाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका, तो खातोय, अंगणात जातोय, त्याला जगायचं आहे की.

खानापूर_शेतकरी
सगळ्यांचे लई उपकार. चार दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध बदलून दिलं, दोन रात्री झोपला नीट. काल गोठ्यातली मॅट धुऊन घातली. अर्धा तास नुसता वास घेत होता, मग पंजा ठेवला, परत मागं घेतला, परत ठेवला, दाबून बघितला, नि एक उडी, दुसरी उडी करत सरळ आईच्या खाटेपर्यंत. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तर हा तिचे पाय चाटालाय. मॅट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दोन फूट कमी पडलीय, तिथं येऊन थांबतोय नि माझ्याकडं बघतोय. उद्या बाजार आहे, आणखी एक आणतो.