मदत हवी आहे : मैदानावर महिला पत्रकाराला टोमणे, तक्रार कुठं करायची?

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या न्यूज पोर्टलसाठी मानधनावर फुटबॉल कव्हर करते. परवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅच संपल्यावर एका संघाच्या कोचना विचारलं, दुसऱ्या हाफमध्ये डिफेन्स एवढा मागं का ओढला? उत्तर आलं, "ताई, ऑफसाईड कळतं का? त्यापेक्षा सेल्फी घ्या." भोवतीची पोरं फिदीफिदी हसली. शेजारच्या पत्रकारानं तोच प्रश्न विचारला, तर त्याला फॉर्मेशनसकट सगळं समजावून सांगितलं!

"चेष्टा होती, सोडून दे" हा सल्ला नको, तो भरपूर मिळालाय. २०१६ मध्ये क्रिकेटपटू ख्रिस गेलनंही लाइव्ह मुलाखतीत ऑस्ट्रेलियन महिला पत्रकार मेल मॅकलॉघलिनला छेडून वर चेष्टाच म्हटलं होतं. तरी त्याच्या क्लबनं त्याला १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केलाच. इथं कोण करणार?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्टेडियमही कामाची जागा धरलंय, तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, एवढं वाचलंय. पण कोच काही माझ्या ऑफिसचे नाहीत, आणि पोर्टलमध्ये दहा माणसंही नाहीत, म्हणजे ऑफिसची स्वतःची तक्रार समितीही नाही. मग थेट जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं का? कोल्हापुरात कुणी तिथं अर्ज दिलाय? मोबाईलवर रेकॉर्डिंग आहे, तेवढं पुरेल की साक्षीदार लागेल? वकील मंडळींनी सांगा. इनबॉक्सही चालेल.