अनुभव धागा: जोडीदार भूमध्य समुद्रातल्या बेटावर, आपण इकडे

कोथरूड, पुणे (धागाकर्ती)

माल्टात वृद्धांची देखभाल, हॉटेलं आणि ऑनलाइन गेमिंग. सायप्रसच्या लिमासोलमध्ये जहाजांचा कारभार सांभाळणाऱ्या कंपन्या. सिसिलीत कटानियाचा चिपउद्योग. क्रीटमधल्या संशोधन संस्था. या बेटांवर आता आपली माणसं कामाला आहेत आणि त्यांचे नवरे, बायका, जोडीदार इकडे आहेत. रजा जमवायची, व्हिसा काढायचा, जायचं आणि परत यायचं, हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांनी लिहावं म्हणून हा धागा.

एकच विनंती. बघण्यासारख्या जागांची माहिती सगळीकडे मिळते. जोडीदार कामावर गेल्यानंतर त्याच्या गावात तुमचा दिवस कसा गेला आणि फोनवर कधीच न कळलेलं काय कळलं, ते लिहा. कितीही लांब लिहा.

माझा नवरा माल्टात, गझिरा भागात राहतो. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, बारमाही नदी एकही नाही. नळाच्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं, मीठ काढून गोडं केलेलं. तरी चव राहतेच, चहात तर लगेच कळते. म्हणून तो दर आठवड्याला बाटल्यांचे गठ्ठे आणतो आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढवतो. आम्ही रोज व्हिडिओ कॉल करतो, पण हा विषय कधी निघालाच नव्हता. हिवाळ्यात चुनखडीच्या भिंती ओल धरतात, म्हणून ओल शोषणारं यंत्र रात्रभर सुरू असतं, तेही तिथे गेल्यावरच पाहिलं.

तो ऑफिसला गेला की मी स्लीमाहून बोटीनं व्हॅलेटाला जायचे. सेंट जॉनच्या कॅथीड्रलमध्ये काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराचं १६०८ सालचं चित्र आहे, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही आहे ती जमिनीवर सांडलेल्या रक्तात. नवऱ्याबरोबर गेले तेव्हा दोघं थोड्या वेळात बाहेर पडलो होतो. एकटी गेले तेव्हा समोर बसून राहिले. पायाखाली सरदारांच्या संगमरवरी कबरी, आणि समोर ते एवढं काळोखं चित्र. संध्याकाळी त्याला सांगायला माझ्याकडे त्याच्याच गावातलं काहीतरी असायचं. मला हे फार मोलाचं वाटतं. नाहीतर सगळं तो दाखवणार आणि मी पाहुणीच राहणार.

तासगाव

आमची मंडळी गोझो बेटावर वृद्धाश्रमात कामाला आहे. गोझो हे माल्टाचंच धाकटं बेट, ६७ चौरस किलोमीटरचं. मुलगा इथे माझ्याजवळ आणि आईजवळ असतो. माझी द्राक्षबाग, त्यामुळे ऑगस्टशिवाय सवड नाही. फळछाटणी सुरू झाली की बागेतून हलता येत नाही. माल्टाच्या विमानतळावरून बसनं चिरकेव्वा बंदर, तिथून साधारण पंचवीस मिनिटांची फेरीबोट. जाताना तिकीट विचारत नाहीत, परतीच्या वेळी पैसे घेतात.

रात्रपाळी करून ती सकाळी येते आणि झोपते. घर एका खोलीचं. तिची झोप मोडू नये म्हणून मी बाहेर पडायचो. गावाबाहेर नुसते दगड रचून घातलेले बांध, माती नाही की चुना नाही, आमच्याकडच्या तालींसारखे. फटींतून केपरची झुडपं उगवलेली. द्राक्षवेली बुटक्या, मांडव नाही, तार नाही. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. तरी वेलीला माल होता. ऑगस्ट म्हणजे तिकडे काढणीचा महिना.

एक म्हातारे शेतकरी एकटेच काढणी करत होते. त्यांचं इंग्रजी बेताचं आणि मला माल्टीज येत नाही. मी कात्री मागितली. घड कसा धरतो, देठ कुठे कापतो, हे त्यांनी नीट पाहिलं आणि दुसरा क्रेट माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून सकाळी माझं तिथे जाणं ठरूनच गेलं.

त्यांची थोरली बहीण त्याच वृद्धाश्रमात आहे, हे नंतर कळलं. त्या आजींना रात्री झोप येत नाही. माझी बायको जवळ बसते आणि त्या तिला माल्टीज शिकवतात. खालच्या दुकानात, बसमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर लोक तिला नावानं हाक मारतात. मी तिथे तिचा नवरा म्हणून ओळखला गेलो आणि माझी छाती भरून आली. फोनवर ती ड्युटी, पगार आणि मुलाचा अभ्यास एवढंच बोलते. आपल्याला इथे मान आहे, हे माणूस स्वतःच्या तोंडानं कसं सांगणार? ते जाऊनच बघावं लागतं.

१५ ऑगस्टला त्यांचा सांता मारियाचा सण. व्हिक्टोरिया गावात शेतमालाचं प्रदर्शन, भर रस्त्यात घोड्यांच्या शर्यती. तिला त्या दिवशी सुट्टी मिळाली. प्रदर्शनात टोमॅटो, मध आणि मेंढीच्या दुधाचं चीज बघत दोघं फिरलो. मी नेलेला तासगावचा बेदाणा वृद्धाश्रमात वाटला. घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिच्या हाताला गुण आहे, मला ठाऊक होतं."

सोलापूर

मिस्टर माल्टात आहेत, अजून जाणं झालं नाही. तासगावकर, तुमचं वाचून हुरूप आला. मुलांना घेऊन ऑगस्टमध्ये जावं का? आम्हाला उन्हाची सवय आहे.

कोथरूड, पुणे

मुलं असतील तर शाळेची मे महिन्याची सुट्टी धरा. हवा छान असते आणि गर्दी अजून वाढलेली नसते. समुद्र मात्र जरा गार. ऑगस्टचं ऊन तुम्ही सोसाल, पण तिथली भाड्याची घरं लहान आणि सगळा भार एसीवर. जुलै २०२३च्या उष्णतेच्या लाटेत माल्टात बऱ्याच भागांत तासन्‌तास वीज नव्हती.

नागपूर

सिसिलीचंही तेच सांगते. ११ ऑगस्ट २०२१ला सिराक्यूजजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं. युरोपातला तो उच्चांक म्हणून जागतिक हवामान संघटनेनं मान्य केला आहे. माझा अनुभव सवडीनं लिहिते.

डोंबिवली

माझे मिस्टर बोटीवर चीफ इंजिनिअर होते, आता लिमासोलच्या एका ऑफिसात सुपरिंटेंडंट आहेत. बोटीवरच्या वर्षांत त्यांना पत्ता नव्हता. आज सिंगापूर, पुढे रॉटरडॅम, मग नुसतं पाणी. लग्नानंतर मीही त्यांच्याबरोबर सेलिंग केलं, मुलगा झाल्यावर ते थांबलं. आता पहिल्यांदाच त्यांच्या नावाचं एक दार आहे आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बोटीवरच्या माणसाच्या बायकोला याचा अर्थ कळेल.

जमिनीवर आले म्हणून काम हलकं झालेलं नाही. रात्री दोनला फोन वाजतो. कुठल्या बोटीचा जनरेटर बंद पडलेला असतो, कुठली बंदरात तपासणीत अडकलेली असते. ते उठून गॅलरीत जातात आणि हळू आवाजात बोलतात. मी जागीच असते. पूर्वी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला, इंजिनरूममध्ये ते असायचे आणि मला डोंबिवलीत काही पत्ता नसायचा. आता आवाजावरून कळतं, प्रसंग केवढा आहे ते. हे ऐकायला मिळावं म्हणूनसुद्धा मी जाते.

दिवाळीच्या सुट्टीत गेले असताना बाजारात अळकुड्या दिसल्या! तिथे कोलोकासी म्हणतात, सोतिरा गावच्या प्रसिद्ध आहेत. पण विकतात ते नुसते कंद. भाजीवाल्या बाईंना खाणाखुणांनी पानं मागितली, तर त्यांना खरंच वाटेना. पुढच्या वेळी मात्र त्यांनी जुडी बांधून आणली होती. चिंच, गूळ, बेसन मी इथूनच नेलेलं. पानांना खाज होती, चिंच जरा जास्त घालावी लागली, पण अळूवडी झाली. बाईंना डबा नेऊन दिला तर त्यांनी गिऱ्हाइकांना थांबवून चाखायला लावली. त्यांच्याकडे चवळीही रोजच्या जेवणातली. कोवळ्या झुकिनीबरोबर शिजवून वरून लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. मिस्टर आता एकटे असतानाही ती करतात. त्यांना कांदा चिरतानाही मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही निकोसियाला गेलो. १९७४ पासून सायप्रसची ग्रीक आणि तुर्की भागांत फाळणीच झाल्यासारखी आहे आणि राजधानीच्या मधून ती रेषा जाते. लेद्रा रस्त्यावर चौकी आहे, ती २००८ साली पायी ये-जा करायला खुली झाली. १९६४ पासून इथे संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल आहे. आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या त्याचे प्रमुख होते आणि डिसेंबर १९६५मध्ये त्या पदावर असतानाच सायप्रसमध्ये वारले. सायप्रसनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. हे मला मिस्टरांच्या ऑफिसातल्या एका सायप्रियट सहकाऱ्यांनी सांगितलं, आणि किती आदरानं सांगितलं! मी शाळेत इतिहास शिकवते. परत आल्यावर नववीच्या वर्गात तो अख्खा तास यावरच घेतला.

नाशिक

माझा जोडीदार क्रीटमध्ये, हेराक्लिऑनला संशोधन करतो. आम्ही दोघं पुरुष आहोत. व्हिसाच्या कागदांत मी त्याचा मित्र असतो. नाशिकला मावशीकडे तो माझा रूममेट असतो. हेराक्लिऑनला पोचलो तेव्हा घरमालकीणबाईंनी दार उघडलं आणि माझे दोन्ही हात धरले. त्यानं त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. ग्रीसनं फेब्रुवारी २०२४मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३मध्ये ती द्यायला नकार दिला होता. बातम्या म्हणून दोन्ही वाचल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात बसून चहा पिताना त्या आमच्या झाल्या.

तो लॅबमध्ये गेला की मी जुन्या व्हेनेशियन बंदरावर, कूलेस किल्ल्याच्या बाजूनं, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायचो. वारा इतका की बोलता येत नाही. दक्षिणेचा वारा सुटला की आफ्रिकेची धूळ येते आणि आभाळ पिवळट होतं. दुपारी घरमालकीणबाई मला भाज्या निवडायला बोलवायच्या. ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होते (२०२४ला त्यांचा ईस्टर ५ मेला होता), त्यामुळे मांस, अंडी, दूध बंद. शाकाहारी माणसाची तेव्हा चंगळ असते. बेकरीत "निस्तीसिमो" म्हटलं की उपवासाचं काय ते समोर ठेवतात. उकडलेल्या रानभाज्या, वर तेल आणि लिंबू, एवढ्यावर मी रोज जेवलो असतो.

शनिवारी मध्यरात्री चर्चमधून पेटती मेणबत्ती घरी नेतात आणि तिच्या काजळीनं दारावर क्रॉस काढतात. बाईंनी आमच्या खोलीच्या चौकटीवरही काढला. तो म्हणाला, गेल्या वर्षी त्या आल्या नव्हत्या, मी एकटा होतो ना.

डोंबिवली

नाशिककर, तुमचं दोनदा वाचलं. मावशींनाही कधीतरी हे वाचायला मिळो.

सोलापूरच्या ताईंनी व्हिसाचं निरोपातून विचारलंय, इथेच लिहिते म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल. जून २०२४पासून शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा व्हिसा) शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. कोणत्याही १८० दिवसांत ९०पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. माल्टा, ग्रीस, इटली शेंगेनमध्ये आहेत. मी २०२४मध्ये गेले तेव्हा सायप्रस नव्हता, त्यामुळे त्याचा व्हिसा वेगळा काढला. जोडीदाराच्या निवासपरवान्याची, भाडेकराराची आणि पगाराच्या कागदांची प्रत आधीच मागवून ठेवा.

नागपूर

माझा नवरा कटानियाला चिप कंपनीत आहे. घराच्या गॅलरीतून एटना ज्वालामुखी दिसतो. फोनवर तो नेहमी दाखवायचा, दिवसा धूर आणि रात्री लाल रेघ. राख मात्र त्यानं कधी दाखवली नव्हती.

जुलै २०२४मध्ये राखेमुळे कटानियाचा विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला, नेमकी मी त्याच सुमारास निघाले होते. आम्हाला पालेर्मोला उतरवलं, तिथून तीनेक तास बसनं आले. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि मी गॅलरी झाडायला घेतली. काळी, खरखरीत, बारीक कच. मी बादली आणली तशी खालच्या मजल्यावरच्या आजी ओरडल्या आणि हातवारे करून सांगू लागल्या: पाणी नको, कोरडीच झाड, पिशवीत भर. ओली झाली की ती जड होते आणि पन्हळी तुंबतात. मग त्या स्वतःच झाडू घेऊन वर आल्या. आम्हा दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण काम छान झालं.

त्यांचं शहरच काळ्या दगडाचं आहे. १६६९च्या उद्रेकात लाव्हा इथवर आला होता, १६९३च्या भूकंपात शहर कोसळलं, आणि लोकांनी डोंगरानं दिलेल्याच दगडानं ते पुन्हा बांधलं. मुख्य चौकात कारंज्यावर लाव्ह्याच्या दगडाचा हत्ती आहे. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला विचारलं, हे सगळं का नाही सांगितलंस? म्हणाला, तू काळजी करत बसली असतीस. मी त्याला सांगितलं की काळजी करणं हा माझा वाटा आहे आणि तो मला हवा आहे. लांब राहणाऱ्या माणसाकडून नुसतं चांगलं ऐकत राहिलं की एक दिवस त्याचं आयुष्य आपल्याला माहीतच नाही असं होतं. याची मला खरोखर भीती वाटते, आणि इथल्या बऱ्याच जणांना वाटत असणार.

आता राख पडली की तो सांगतो. ताप आला, साहेबांशी खटका उडाला, तेही सांगतो. मग मीही नागपूरचं सगळं सांगते, सासूबाईंच्या गुडघ्यासकट.

फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे. ३ ते ५ फेब्रुवारीला सांत आगाताचा उत्सव असतो, संतांची चांदीची मूर्ती गावभर फिरवतात. आजींनी मला त्यांच्या बाल्कनीत जागा धरून ठेवली आहे. नवऱ्यानं विचारलं, तू येशील तेवढे सगळे दिवस रजा टाकू का? मी सांगितलं, उत्सवापुरती टाक. बाकीचे दिवस नेहमीसारखा कामावर जा, आणि जाताना बाजाराची पिशवी आणि यादी ठेवून जा.