पिप्पीच्या बंडामागचं घर

स्वीडिश लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालपुस्तकांची नायिका पिप्पी हिचा जन्म त्यांच्या आजारी लेकीला, कारिनला, रमवताना झाला, हे १९४१ सालचं खरंच आहे. पण तिच्या बंडाचं मूळ मला त्याआधीच्या काळात दिसतं. लिंडग्रेन व्हिमरबी या आपल्या गावच्या वर्तमानपत्रात काम करत असताना संपादकापासून गरोदर राहिल्या. वय अवघं अठरा! त्यांनी लग्नाला नकार दिला आणि गाव सोडून स्टॉकहोम गाठलं. १९२६च्या डिसेंबरात डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला त्यांचा मुलगा लासे जन्मला. तिथल्या इस्पितळात बापाचं नाव सांगायची सक्ती नव्हती. बाळ तिथल्याच एका पालक-आईकडे ठेवावं लागलं. तुटपुंज्या पगारातून पैसे साठवून त्या रेल्वेने त्याला भेटायला जात. तीनेक वर्षं हे चाललं. त्या काळात या आईने काय सोसलं असेल, याचा विचार केला की जीव गलबलतो.

म्हणूनच आईबापांविना एकटी राहणारी, कुणापुढे न झुकणारी, घोडा उचलणारी पोर मला निव्वळ गंमत वाटत नाही. बॉनिएर प्रकाशनाने पिप्पीचं हस्तलिखित परत केलं होतं. १९४५मध्ये राबेन अँड शोग्रेनने पुस्तक काढलं. १९७८ला फ्रँकफर्टच्या भाषणातही त्या मुलांना मारू नका, हेच सांगत होत्या. पुढच्याच वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली.