समुद्रकाकडी, सागरकर्कटी आणि 'प्रवाळ खडक'

प्रश्न: होलोथुरिया आट्रा या काळ्या प्राण्यावरचा लेख मराठीत आणते आहे. 'समुद्री काकडी' लिहिलं की वाचणाऱ्याला पाणवनस्पती वाटते, म्हणून 'सागरकर्कटी' घ्यावं का? अधिवासाबद्दल 'प्रवाळ खडकांवर राहते आणि वाळू खाऊन जगते' असं लिहिलंय. ते चालेल ना?

उत्तर: कर्कटी नको. संस्कृतात तो काकडीचाच शब्द, पण आज वाचणाऱ्याला कर्क आठवतो आणि डोळ्यांपुढे खेकडा येतो. मी 'समुद्रकाकडी' असा जोडशब्द लिहीन. समुद्रफेस हा फेस नसतो, कटलफिशच्या शरीरातलं पांढरं कवच असतं; तरी त्या शब्दावाचून कुणाचं अडलं नाही. पहिल्याच वाक्यात 'तारामाशाच्या गोतातला कंटकचर्मी प्राणी' म्हणा, की वनस्पतीचा प्रश्न मिटला. तसा तारामासा तरी कुठे मासा आहे?

आणखी एक मत: व्यापारात या जातीला लॉलीफिश म्हणतात, म्हणजे तिथेही मासाच. तमिळमध्ये समुद्रकाकडीला 'कडल अट्टै', म्हणजे समुद्रातली जळू. दिसण्याच्या दृष्टीने मला ते जास्त पटतं, पण मराठीत 'समुद्रजळू' रूढ करायला जाऊ नये. खऱ्या सागरी जळवाही असतात, त्यांचं काय करणार?

मला खटकतं ते 'प्रवाळ खडकांवर'. या वाक्याने चित्रच चुकतं. होलोथुरिया आट्रा हिंदी महासागर आणि पश्चिम-मध्य प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यात सापडते, पण पोवळ्यांच्या फांद्यांवर चढून बसलेली नव्हे. प्रवाळभित्तीचा, म्हणजे पोवळ्यांनी बांधलेल्या चुन्याच्या भिंतीचा, उथळ सपाट माथा, पोवळ्यांच्या मधले वाळूचे पट्टे, भित्तीमागचं खारकच्छ (अडून राहिलेलं उथळ खारं पाणी), सागरी गवताची कुरणं, या तिच्या जागा. तिथे ती उघड्यावर पडून असते. अंगाला वाळूचा थर चिकटलेला आणि पाठीवर दोन ओळींत गोल काळे डाग मोकळे राहिलेले, ही तिची ओळख. म्हणून 'प्रवाळभित्तीच्या परिसरातील वाळूवर' असं लिहा. 'खडक' ठेवलात तर वाळू हरवते, आणि तिचं सगळं जगणं वाळूवर आहे.

'वाळू खाऊन जगते' हेही बदला. ती वाळू गिळते. तोंडाभोवतीच्या आखूड स्पर्शकांनी वाळू आत ओढते, कणांवरचे जिवाणू, सूक्ष्म शैवाल आणि सेंद्रिय गाळ पचवते आणि वाळू मागून टाकते. 'गिळते' आणि 'पचवते' ही दोन क्रियापदं वेगळी ठेवलीत की वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. या जमातीतल्या इतर काही जातींच्या अभ्यासात असं दिसलं की आतड्यातल्या आम्लतेने वाळूतला चुना थोडा विरघळतो आणि पाण्याची अल्कधर्मिता, म्हणजे आम्ल शमवण्याची क्षमता, वाढते. पोवळ्यांना सांगाडा बांधायला ती उपयोगी पडते. हे लिहिता आलं तर लिहा. 'समुद्राचा सफाई कामगार' मात्र कृपा करून नको, गांडुळापासून गिधाडापर्यंत सगळ्यांना ते लावून झालंय.

प्रश्नकर्ती: पटलं. मग ती 'तुटून' दोन होते की 'दुभंगते'?

उत्तर: दुभंगते म्हटलं की मला उभी चीर दिसते. इथे शरीर मधोमध आवळलं जातं, दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर सरकतात आणि आडवे दोन तुकडे होतात. प्रत्येकाला उरलेला भाग पुन्हा फुटतो. 'आडवे विभाजन' हा शब्द कोरडा आहे, पण चुकीचा नाही. एकदा तो वापरून पुढे 'दोन होते' म्हणा. अलैंगिक प्रजननाचा हा मार्ग आहे, अपघात नव्हे, म्हणून 'तुटते' टाळा. नर-मादी असतातच आणि अंडी-शुक्राणू पाण्यात सोडून होणारं प्रजननही चालू असतं.

आणखी एक मत: लेखात 'चिकट धागे फेकते' असं काही असेल तर तपासा. ते काही समुद्रकाकड्या करतात, ही नाही. हिच्याकडे ते धागेच नसतात. हिला चोळलं तर लालसर द्रव सुटतो आणि तो माशांना विषारी असतो. त्याला 'रक्त' लिहू नका. आणि अनेकवचन 'समुद्रकाकड्या'च, 'काकडी प्राणी' वगैरे कसरत नको.