मदत हवी आहे: नाटकाच्या फलकावरील ठळक टंकाला (फॉन्टला) जोड
नमस्कार. ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनासाठी सांगलीतील आमच्या हौशी नाट्यमंडळाचा फलक मी करीत असून, शीर्षकाला 'रोझा वन' हा ठळक टंक घेतला आहे. जाडजूड दांडे आणि केसासारख्या बारीक जोडरेषा यांमुळे त्यातील देवनागरी व सेरिफयुक्त (रेषांच्या टोकांना छोटे फाटे असलेली) रोमन अक्षरे एकाच घरातली वाटतात. दहा फुटी फलकावर तर तो फारच देखणा दिसतो. मात्र प्रवेशिकेवर लहान आकारात छापताच 'श्री'मधील बारीक रेषा तुटल्या आणि 'क्ष'ची गाठ शाईने बुजली. मुळात तो मोठ्या आकारासाठीच घडवलेला आहे. तेव्हा तारीख, वेळ आणि कलावंतांच्या नावांसाठी त्याच्याशी जुळणारा, जाड-बारीक रेषांत कमी फरक असलेला, मुक्त परवान्याचा देवनागरी टंक कृपया सुचवावा. छापील नमुन्याचे छायाचित्र जोडल्यास फार उपयोग होईल.