शिकाऊ म्हणून शिडाच्या बोटीवर मुंबई-गोवा

मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीवर शिकाऊ म्हणून जाताना काय न्यावं, असं विचारलंय. कपडे तर लागतातच, पण खरी अडचण पहिल्या रात्री येते.

अंतर सुमारे २२० सागरी मैल. ५ नॉटच्या (तासाला ५ सागरी मैल) सरासरीने ४४ तास, म्हणजे दोन रात्री. बहुतेक बोटींवर ४ तास पहारा, ८ तास विश्रांती. पहाऱ्याच्या १० मिनिटं आधी तयार होऊन वर या. थकलेल्या माणसाला ती १० मिनिटं फार मोलाची असतात.

मळमळ सुरू झाल्यावर बोट लागण्यावरची गोळी घेऊन उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच घ्या. झोप येते, म्हणून एकदा घरी घेऊन पाहा.

हार्नेसचा (पाण्यात पडू नये म्हणून अंगावर बांधायच्या साजाचा) हुक केबिनच्या जिन्यात असतानाच अडकवा, बाहेर पाऊल टाकल्यावर नाही. हार्नेस बोटीला जोडणारा पट्टा आखूड हवा. लांब पट्ट्याने माणूस कठड्याबाहेर लोंबकळतो आणि बोटीबरोबर पाण्यात फरफटतो.

विंचवर (शिडाचे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर) दोर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचा, आधी दोन-तीनच वेढे. सुरुवातीलाच जास्त घेतले की वेढ्यावर वेढा चढून दोर अडकतो. बोटं ड्रमपासून दूर, मूठ बंद.

कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो. शीड कमी करावं का असा प्रश्न मनात आला, की लगेच कप्तानाला विचारा. अंधारात मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) दिसणं कठीण. दिसला तर ओरडून दिशा सांगा आणि हात त्याच्याकडेच रोखून ठेवा.