सोसायटीत मातृभाषा दिन आणि मराठी भाषा गौरव दिन एकत्र साजरे करावेत का?

चेंबूरकर:
आमच्या गृहनिर्माण संस्थेत मराठीबरोबर तमिळ, सिंधी, मल्याळम आणि पंजाबी कुटुंबे राहतात. दरवर्षी २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त कार्यक्रम होतो. अमराठी शेजारी येतात, टाळ्या वाजवतात आणि बटाटेवडा खाऊन घरी जातात. यंदा २१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन त्यालाच जोडावा, असे मी सुचवले, तेव्हा मराठीचा हक्काचा एक दिवसही वाटून टाकू नये, असा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांनी घेतला. त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. कार्यक्रम कसा आखावा?

गिरगावचा वाचक:
दोन्ही दिवस वेगळेच ठेवावेत. बांगला भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळावा म्हणून १९५२ साली ढाक्यात निदर्शने करणारे विद्यार्थी २१ फेब्रुवारीला पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्या स्मरणार्थ युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला. त्याला स्वतःचा इतिहास आहे, तो मराठी दिनाच्या मांडवात आटोपू नये. मात्र इतर भाषांमुळे मराठीचा मान कमी होतो, ही भीती मुंबईच्या इतिहासाला धरून नाही. गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ साली सुरू झाला आणि आजही निघतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले, तेच मुळी मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापून.

निवृत्त शिक्षिका:
कृपा करून वेशभूषा स्पर्धा ठेवू नका. मुलांना लुंगी नेसवून तमिळ भाषेचा गौरव होत नाही. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत असे. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा पालिकेने चालवल्या, आणि एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे असली की मधल्या सुट्टीत मुले आपोआप एकमेकांची भाषा उचलत. तुमच्याकडे प्रत्येक घराने आपल्या भाषेतले एक पान मोठ्याने वाचावे आणि त्याचा सारांश त्याच घरातल्या मुलाने मराठीत सांगावा. सिंधी घरांत एक अडचण येईल: सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते आणि देवनागरीतही, त्यामुळे आजोबांनी जपून ठेवलेले पुस्तक नातवाला पुष्कळदा वाचता येत नाही. तिथे आजोबांनी सांगावे आणि नातवाने देवनागरीत उतरवून घ्यावे. तो कागद सूचनाफलकावर लावलात, तर तुमचे मराठी सभासदही तो अक्षरे लावून वाचतील.

वसईवाला:
सारांश मराठीत हवा, याला माझे पूर्ण अनुमोदन, कारण लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला की हिंदीत सुरुवात बहुधा आपण मराठी माणसेच करतो आणि मग शेजाऱ्यांना मराठी येत नाही म्हणून कुरकुरतो. एक भर घालतो. २७ तारखेला केवळ प्रमाण मराठी नको. कोळी, आगरी, मालवणी, आमच्याकडची सामवेदी, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती घरांतली मराठी यांनाही व्यासपीठ द्या; घरची बोली चारचौघांत बोलायला लाजणारी मुले मराठी कुटुंबांतही आहेत.

चेंबूरकर:
दोन स्वतंत्र दिवस, २१ तारखेला वाचन आणि २७ तारखेला बोली, असा प्रस्ताव समितीपुढे ठेवतो. आक्षेप घेणारे सभासद मूळचे मालवणचे आहेत. २७ तारखेची सुरुवात त्यांनीच करावी, अशी विनंती त्यांना आजच करतो.